ओंडक्यांच्या क्रेनमधली धाकटी झडप

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. मी एक झडप आहे. दाराची नव्हे, तेलाची. ओंडके उचलणाऱ्या क्रेनमध्ये, एका लोखंडी ठोकळ्यात, मी माझ्या बहिणींसोबत राहते. सगळ्यांत धाकटी मीच. माझं भोक सुईच्या नेढ्याएवढं.

मला दोनच गोष्टी येतात, उघडणं आणि मिटणं. अर्धवट उघडणं मला जमत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत माझं कितीतरी वेळा उघडून मिटून झालेलं असतं.

माझा जन्म उत्तरेकडच्या बर्फाळ देशात, ताम्पेरे शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. इल्पो नावाच्या इंजिनिअरनं आमचं कुटुंब जमवलं. शेजारच्या बहिणीचं भोक माझ्या दुप्पट, तिच्या शेजारणीचं तिच्या दुप्पट, अशी आमची रांग. क्रेनचा हात किती वेगानं हलवायचा हे पाहून संगणक सांगतो, तू उघड, तू मीट. तेवढंच तेल दट्ट्यामागे जातं आणि हात हलतो. आमच्याआधी हे काम एकच मोठी झडप करायची. थोडी उघडायची, थोडी मिटायची, मोठा तोरा होता तिचा. पण ती झिजली आणि क्रेन हिसके देऊ लागली.

ते हिसके राइलीच्या मानेत जाऊन बसले.

राइली माझी मालकीण. रुओवेसीच्या जंगलात ती आणि तिचा थोरला भाऊ वेयो मिळून ओंडके उचलायचं काम करत. क्रेन चालवायची ती राइलीनंच. पण संध्याकाळी उतरली की तिची बोटं बधिर झालेली असत. जाकिटाची बटणंसुद्धा वेयो लावून द्यायचा, तेही दुसरीकडे बघत, तिला संकोच नको म्हणून. डॉक्टर म्हणाले, हिसके थांबव, नाहीतर क्रेन सोड. क्रेन सोडून राइली काय करणार होती? तिनं इल्पोला बोलावून आम्हाला बसवून घेतलं. हिवाळाभर वापरून पाहायचं, मग ठेवायचं की परत पाठवायचं ते वेयोनं ठरवायचं, असं ठरलं.

वेयोला आम्ही मुळीच आवडलो नाही. आम्ही टकटक करतो ना!

"राइली, तुझ्या क्रेनमध्ये सुतारपक्षी शिरलाय," तो म्हणायचा. "आणि इतक्या झडपा म्हणजे बिघडायला इतक्या जागा."

"तू घोरतोस ते चालतं होय रे?" राइली म्हणायची.

निकालाचा दिवस उजाडला तेव्हा थंडी अशी होती की झाडांची खोडं तडतडत होती. इल्पोही ताम्पेरेहून आला होता. अशा थंडीत या लोकांची एक रीत असते. आधी इंजिन चालू करायचं, मग शेकोटीवर किटली ठेवायची. माणसं कॉफी पितात, तोवर यंत्रातलं तेल ऊबदार होतं. कॉफीआधी कुणी ओंडक्याला हात लावत नाही.

पण वेयोला त्या दिवशी घाई होती. "कॉफी नंतर," म्हणत तो स्वतःच क्रेनमध्ये चढला. तेल काकवीसारखं घट्ट झालेलं. मी मिटायला गेले तर त्यातून हलताच येईना. ओंडका झोकांडला, क्रेनच्या पंजातून सुटला आणि शेकोटीत पडला. किटली बर्फात उडाली.

"बघितलंस?" वेयो खाली उतरून ओरडला. "घेऊन जा हे, इल्पो, आजच्या आज!"

राइलीचा चेहरा पांढरा पडला. तिनं चेपलेली किटली उचलली, त्यात बर्फ भरला आणि पुन्हा जाळावर ठेवली.

"दादागिरी नंतर कर, आधी कॉफी पी," ती म्हणाली. "कॉफी न पिता तू तरी धड चालतोस का?"

इल्पो मिशीत हसला. तिघांनी कॉफी घेतली. इंजिन घुरघुरत राहिलं आणि आमच्या अंगात हळूहळू ऊब आली.

मग राइली क्रेनमध्ये चढली. ओंडके एकामागून एक अलगद गाडीवर जाऊ लागले. आणि मधेच माझी शेजारीण अडकली! तेलातला कसलासा कण तिच्यात रुतला, ती मिटली ती उघडेचना. मित्रांनो, आता ऐका. तिच्या पलीकडची बहीण नि मी, आम्ही दोघींनी भराभर उघडमीट करून तिच्या वाटचं तेल पुरवलं. मी जन्मात इतकी टकटकले नव्हते! हात डगमगला नाही.

राइलीनं शेवटी पंजा शेकोटीकडे वळवला. ओंडके पकडणाऱ्या त्या पंजानं किटलीची कडी चिमटीत धरली, ती उचलली आणि वेयोच्या पायाशी नेऊन ठेवली. थेंबही सांडला नाही.

इल्पोनं संगणकावर नजर टाकली. "वेयो, यातली एक झडप मघापासून बंद पडलीय."

"कधी?"

"तुला कळलं का?"

वेयोनं वाकून किटली उचलली. मग त्यानं कप भरून घेतला. "सुतारपक्षी राहू दे," तो म्हणाला. इथल्या माणसाच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही.

इल्पोनं शेजारणीला बाहेर काढून धुतलं आणि पुन्हा बसवलं. ती अजून माझ्याशेजारीच आहे.

त्यानंतर कितीतरी हिवाळे आले. माझी कड थोडी झिजली आहे; रंग तर केव्हाच गेला. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे, यंत्राचं तेल स्वच्छ ठेवा आणि थंडीत आम्हाला ऊब येईपर्यंत थांबा. तेवढ्यात तुमची कॉफीही होईल. एवढं केलंत तर लहानातली लहान झडपही तुमचा भार पेलेल.

हो, आणि त्या पहिल्या हिवाळ्यानंतर वसंत आला, त्या संध्याकाळी वेयो सवयीनं राइलीच्या जाकिटाला हात घालायला गेला. बटणं आधीच लावलेली होती, अगदी गळ्यापर्यंत.