सुनेचा होकार

नाबातला उस्ताद केलं त्या दिवशी माझ्या हातून नऊ हजारांवर गाठी पडल्या. तेवढ्या मी आधी कधी मारल्या नव्हत्या आणि नंतरही मारल्या नाहीत. बायका म्हणाल्या, आज तावुसच्या अंगात आलंय. अंगात काही आलं नव्हतं. मान वर केली असती तर खिडकीजवळची खुर्ची दिसली असती, म्हणून मी मान वर केली नाही, एवढंच.

ही एकोणीसशे सदुसष्टची गोष्ट. तेजेनच्या बाजूला आमचं गाव. कालव्याचं पाणी येऊन सहा-सात वर्षं झाली होती आणि जिथे तिथे कापूस दिसायला लागला होता. पुरुष कापसात, बायका गालिच्यांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. जमिनीवर आडवे ताणलेले माग आणि प्रत्येक मागावर ओळीने बसलेल्या चार-चार बायका. शेडच्या प्रमुख बाईला उस्ताद म्हणत. लोकर कुठली घ्यायची, रंग कुठला, कोणती बाई कोणत्या मागावर, हे उस्ताद ठरवायची. तिला पूर्वेच्या खिडकीजवळ टेबल-खुर्ची होती. ती आली की बायका बोलायच्या थांबत.

मला ती खुर्ची हवी होती. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. आता लपवण्यात काय अर्थ आहे? आईने मला सातव्या वर्षी मागावर बसवलं होतं. लोकर बोटांत घेतली की मेंढी कोणत्या ऋतूत कातरली ते मला सांगता यायचं. इतर बायका दिवसाला सहा हजार गाठी मारत, मी आठ. चौघींची ओळ एकाच वेळी पुरी व्हावी लागते, नाहीतर गालिचा तिरका जातो. मग माझं झालं की मी शेजारणीच्या हद्दीत हात घालायची. माझ्या शेजारी नाबात बसायची. तिचा हात सैल होता आणि जीभ चालू. दिवसाला तिच्या हजारभर गाठी तरी माझ्या असत. गालिचा उतरला की कुणाला कळायचं नाही, कोणती गाठ कुणाची. मला त्याचा अभिमान वाटायचा. वेडीच होते.

नाबात वाईट नव्हती. तरुणपणी नवरा गेला म्हणून ती आईवडिलांकडे परत आली होती. ती तिथे माहेरी होती आणि मी सासरी, सगळा फरक तेवढाच. मुलीने कुणाशीही बोलावं, हसावं, भांडावं. सुनेने मात्र सासरचा वडीलधारा पुरुष समोर आला की डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरायचं. त्याला यशमक म्हणतात. ते टोक दातांत असेतो त्याला ऐकू जाईल असा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि आमच्या कारखान्याचे संचालक सापार-आगा हे माझे चुलतसासरे होते.

ते आठवड्यातून दोनदा शेडमध्ये येत. मी रुमाल दातांत धरून खाली बघत बसायची. तेही रीत पाळत, मला थेट काही विचारत नसत. नाबातला म्हणत, "मुली, विचार तिला, या लाल रंगाचं काय करायचं?" मी नाबातच्या कानात सांगायची आणि नाबात मोठ्याने बोलायची. पहिली दोन-तीन वर्षं ती म्हणायची, "तावुस म्हणतेय, हा रंग धुण्यात उतरेल." पुढे म्हणायला लागली, "आम्हाला वाटतं, उतरेल." मग कधीतरी तिचं माझ्या तोंडाशी कान आणणंच बंद झालं. कारण मी सकाळी काय म्हणाले होते ते तिच्या लक्षात असायचं. ती आपली थेट सांगून मोकळी व्हायची. आगा मान डोलवायचे. मी शेजारी बसून गाठी मारत असायची, त्यातल्या काही तिच्याच वाटणीच्या.

जुन्या उस्ताद बीके-एने. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि त्या घरी बसणार असं ठरलं. सगळी शेड माझंच नाव घेत होती. बीके-एनेंनी स्वतः माझ्या हातावर हात ठेवून म्हटलं होतं, आता तूच. माझा फोटो कारखान्याच्या दारातल्या सन्मानाच्या फलकावर लावलेला होता, सलग चार वर्षं.

नवीन उस्ताद जाहीर करायच्या सभेला राजधानी अश्गाबातहून एक बाई आली होती. यशमक ही जुनी गुलामी आहे, तो टाकून द्या, असं तिने तासभर सांगितलं. आम्ही सगळ्या सुनांनी रुमाल तोंडात धरून टाळ्या वाजवल्या. मग सापार-आगा उठले आणि म्हणाले, नवीन उस्ताद नाबात.

मी मेरेतला, माझ्या नवऱ्याला, काकांकडे पाठवलं. जा म्हटलं, एवढं एकच विचारून या, मी का नाही? तो ट्रॅक्टर चालवायचा, सभ्य माणूस, काकांपुढे त्याचीही मान खाली. तो गेला आणि दोन तासांनी परत आला.

"आगा म्हणाले, तिला उठवलं तर तिच्या मागावर बसणार कोण? दोघींचं काम करते ती. ती उठली की शेडचं काम निम्म्यावर येईल."

"म्हणजे मी चांगलं काम करते म्हणून नाही?"

"आणि म्हणाले, चांगली लोकर मिळवायला अश्गाबातला जाऊन भांडावं लागतं. तिथे ती काय तोंडात रुमाल धरून उभी राहणार? तिचा आवाज कसा आहे तेही मला माहीत नाही, म्हणाले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? चहा प्यायलो आणि आलो."

त्यानंतर माझं काही खरं राहिलं नाही. नाबात खुर्चीत बसून चहा प्यायची, निळी फुलं असलेल्या किटलीतून, आणि तो चहा माझ्या घशाशी यायचा. तिने अश्गाबातहून टाचेचे बूट आणले. ती शेडच्या त्या टोकाला असली तरी ते बूट मला ऐकू यायचे. माझ्याकडे बूट नव्हते असं नाही. पण असे बूट घालून चालत फिरण्याचं काम माझ्याकडे नव्हतं. बायका तिला उस्ताद म्हणायला लागल्या. मला जमेना. मी तिला काहीच म्हणत नसे.

तिच्या जागेवर मागावर दुसरी मुलगी आली. तिच्या हद्दीत मी हात घातला नाही. तिची ओळ पुरी होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहायची. नाबात ते बघून पुढच्या मागाकडे गेली.

त्या हिवाळ्यात मोठं काम आलं. राजधानीतल्या प्रदर्शनासाठी वीस चौरस मीटरचा गालिचा, आणि तो आमच्याच मागावर. मध्याच्या थोडं पुढे गेलो आणि लाल लोकर संपत आली. नाबात नवीन लोकर घेऊन आली. तिसऱ्या प्रहराची वेळ होती, पूर्वेच्या खिडकीतलं ऊन गेलेलं, दिवे लागलेले होते. जुनी लड आणि नवी लड तिने माझ्यासमोर धरली.

"तावुस, बघ गं. एकच आहे ना दोन्ही?"

मी हात लावला. नवी लोकर शरदातल्या कातरणीची होती, जाडीभरडी. वसंतातली लोकर रंग पिते, ही नुसता अंगाला लावून घेते. दिव्याखाली दोन्ही सारख्या दिसत होत्या. उन्हात दिसणार नव्हत्या. हे मला बोटांनीच कळलं.

मी रुमालाचं टोक उचललं, दातांत धरलं आणि खाली बघितलं.

शेजारच्या बायका हसल्या. त्यांना वाटलं, मी नवीन उस्तादची थट्टा करतेय, सासऱ्याचा मान देतेय तिला. नाबातही हसली. "बरं बाई, समजलं," म्हणाली आणि लोकर वाटून टाकली. आमच्याकडे सून यशमकाआड गप्प राहिली की तो होकार असतो. लग्न असो, वाटणी असो, मुलाचं नाव असो, सून गप्प म्हणजे सून कबूल. हे नाबातला माहीत होतं आणि तिला ते माहीत आहे हे मला माहीत होतं.

पुढचे सात आठवडे मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जायची. दिवे लागायच्या आधी पूर्वेच्या खिडकीतून ऊन मागावर यायचं आणि मला तो पट्टा दिसायचा. नवी लोकर सुरू झाली तिथून लाल रंग जरा मेलेला, विटेसारखा. मग ऊन खिडकीवरून सरकायचं, दिवे लागायचे, बायका यायच्या आणि तो फरक नाहीसा व्हायचा. मी त्याच लोकरीने गाठी मारायची. चांगल्या मारायची. हाताला खोटं करता येत नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात घट्ट विणकाम त्या पट्ट्यात आहे. एकदा, पहिल्याच आठवड्यात, मी सांगायला उठून खिडकीपर्यंत गेलेही होते. दहा-बारा ओळी उसवून भागलं असतं. नाबात कुणाशी तरी टेलिफोनवर बोलत होती, पाय पुढे टाकून, बूट चमकत होते. मी परत येऊन बसले.

वसंतात गालिचा मागावरून उतरवला, धुतला आणि अंगणात उन्हात पसरला. सगळी शेड बघायला बाहेर आली. सापार-आगा आले. आंधळ्याला दिसावा असा फरक होता. अर्धा गालिचा डाळिंबासारखा आणि अर्धा वीट.

"हे काय आहे, मुली?" आगांनी विचारलं.

नाबातला मी त्या दिवशी प्रथमच शब्द शोधताना पाहिलं. मग ती म्हणाली, "लोकर मी निवडली, आगा. वाटण्याआधी तावुसला दाखवली होती. ती गप्प राहिली."

एवढंच बोलली. तिने आरोप केला नाही, पण सगळ्यांना अर्थ कळला. तावुस गप्प राहिली, म्हणजे तावुस हो म्हणाली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी रुमाल दातांत धरला.

आगांनी मग जे केलं ते माझ्या लग्नापासूनच्या अकरा वर्षांत केलं नव्हतं. ते माझ्याकडे वळले.

"गेलिन, मी तुलाच विचारतोय. तुला हे दिसलं होतं का?"

गेलिन म्हणजे सून. घरात सगळे मला तेच म्हणत. पण त्यांनी मला ते थेट म्हटलं, ते पहिल्यांदाच.

नाही म्हटलं असतं तर मी सुटले असते. दिव्याखाली कुणालाच दिसलं नव्हतं, मलाही नाही, असं झालं असतं. दोष उस्तादचा ठरला असता. कुणी सांगावं, पुढच्या महिन्यात खुर्चीही रिकामी झाली असती. हे सगळं त्या क्षणी मला लख्ख दिसत होतं. पण तावुसच्याही डोळ्याला कळलं नाही, तावुसही नाबातसारखीच, असं चारचौघींनी म्हणायचं? माझ्याकडे होतं काय दुसरं? मी ते टोक सोडलं.

"पहिल्याच दिवशी दिसलं, आगा. हात लावल्याबरोबर. आणि मग रोज सकाळी दिसत होतं."

माझा आवाज फार बारीक निघाला. मला वाटलं होतं, तो जड असेल.

आगांनी वाकून दोन लालांच्या सीमेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हिला दिसलं नाही, म्हणून हिने विचारलं. तुला दिसलं आणि तू सात आठवडे विणत बसलीस. आता तूच सांग, खुर्चीवर कोणाला बसवू?"

मी रुमाल परत दातांत धरला. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

गालिचा दुसऱ्या प्रतीचा ठरला आणि प्रदर्शनाला दुसऱ्याच गावचा गेला. घरी सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. गालिच्यासाठी नव्हे, मी त्यांच्या दिराशी तोंड उघडून बोलले म्हणून. मेरेत मात्र रात्रीच्या जेवणावर बसला आणि हसत सुटला. रोटीचा तुकडा हातात, डोळ्यांत पाणी.

"अकरा वर्षांनी तोंड उघडलंस," म्हणाला, "आणि साक्ष दिलीस ती स्वतःच्याच विरुद्ध?"

मीही हसले. काय करणार. पण झोपताना माझ्या डोक्यात एकच होतं, उद्या सकाळी ते बूट परत ऐकावे लागणार.

नाबात बावीस वर्षं उस्ताद राहिली. तिने मला त्या पट्ट्यावरून एका शब्दाने दुखावलं नाही आणि तेही मला आवडलं नाही. तिला तेवढं मोठेपण परवडत होतं. माझा फोटो सन्मानाच्या फलकावर होता तिथेच राहिला, गाठींच्या आकड्यासकट.

त्या प्रकारानंतर आठवड्याभरानेच ती सकाळी लवकर आली, दिवे लागायच्या आधी. दोन लडी तिने माझ्या मांडीवर ठेवल्या आणि उभी राहिली. विचारलं काही नाही. मी उन्हात धरून पाहिल्या, बोटांत फिरवल्या.

"डावी घे," मी म्हटलं. "उजवी शरदातली आहे, परत पाठव. आणि लोकर देणाऱ्यांना सांग, पुढच्या वेळी कातरणीचा महिना लिहून द्या म्हणावं."

ती लडी घेऊन आगांच्या खोलीकडे गेली. अंगणाच्या पलीकडे खोलीचं दार उघडं होतं. ती उभी राहून सांगत होती, एक लड वर धरून, मग दुसरी, आणि आगा मान डोलवत लिहून घेत होते. शब्द माझेच होते. तिच्या तोंडी ते किती शोभत होते.