ट्रंकेतली नळी

खट्ट! ट्रंकेची कडी पडली आणि सकाळपासून गप्प असलेलं घर दचकलं. पाच वर्षांच्या मनवाने आतून पारदर्शक नळीचं वेटोळं ओढून काढलं होतं.

निकिताने ते हातात घेतलं. कृषी विद्यापीठात पाणलोट आणि जमीन-वापर शिकताना याच नळीत पाणी भरून ती डोंगरउतार मापायची. लग्न होऊन अकोले तालुक्यातल्या या डोंगरगावात आली आणि नळी ट्रंकेत गेली. नवरा सुप्याच्या कारखान्यात, घरी यायचा रविवारी. एरवी दिवसभर बोलायला लेक मनवाच.

समोरच्या टेकडीवर सासरे राधाकृष्ण माणसं लावून चर खणत होते. प्रत्येक शेतकऱ्याचा चर आपापल्या बांधाला धरून, सरळ वरून खाली. शेजाऱ्याच्या हद्दीत जायलाच नको, म्हणजे भांडण नको! गेल्या पावसाळ्यात अशाच चरांतून पाणी सुसाट सुटलं आणि चुलतसासू छबूबाईंच्या दोनपैकी एका भातखाचराची माती घेऊन गेलं. निकिता तेव्हा ओट्यावरून बघत होती. सुनेने गड्यांच्या कामात बोलायची घरात रीत नव्हती.

विरजण मागायला आलेल्या छबूबाईंनी नळीचं विचारलं, तेव्हा निकिताने हळू आवाजात सगळं सांगितलं. चर उताराला आडवा हवा, एका पातळीत, बांध ओलांडून गेला तरी. मगच पाणी थांबतं, मुरतं.

छबूबाईंनी विरजणाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "एकच खाचर राह्यलंय माझं. तेबी जायची वाट बघतीस व्हय?"

"मामांपुढे मला बोलता नाही येणार, आत्या."

"नको बोलू. नळीत पानी भर अन् चल."

मनवाला घेऊन दोघी टेकडीवर गेल्या, तसे गडी हसले. सूनबाई गवंडीकामाला लागली म्हणाले. निकिताने एक टोक धरलं, छबूबाईंनी दुसरं. दोन्हीकडचं पाणी एका उंचीला आलं की तिथे खुंटी. अशा बारा खुंट्या झाल्या. ओळ तीन बांध ओलांडून गेली होती. आपला बांध फुटणार म्हणून शेजारचा भागवत लगेच कुरकुरला.

राधाकृष्ण खुंट्यांच्या ओळीने चालत गेले, खाली छबूबाईंचं वाहून गेलेलं खाचर दिसेपर्यंत. मग आखणीच्या चुन्याच्या फक्कीचं घमेलं उचललं.

"आधी माझा बांध फोडा," ते म्हणाले. "सूनबाई, म्होरली खूण दाव."

वाचकहो, पाणी सातबारा बघत नाही, उतार बघतं. आणि आपल्याही घरात कुणा सुनेची विद्या ट्रंकेत पडून असेल. तिला विचारा, नुकसान होण्याआधी विचारा.

परतताना छबूबाई पुढे निघून गेल्या. त्यांच्या उघड्या पडलेल्या खाचरात नुसते दगड दिसत होते. मनवा तिथे थांबली.

"आई, तुला येत होतं, तर मागच्या वर्षी का नाही सांगितलंस?"