शेजारची जागा

"अहो आजी, सरका की हिरोच्या जवळ! पुठ्ठ्याचा आहे, चावत नाही!" फोटोवाला ओरडला आणि रांगेतली माणसं खो खो हसली.

वहिनी जवळ सरकल्या नाहीतच. पर्स पोटाशी धरून त्या रांगेतून बाहेर आल्या. त्या मोठ्या नटाच्या बंगल्यासमोर त्याच्या तरुणपणाचा हा पुरुषभर उंचीचा पुठ्ठा उभा केलेला होता. कपाळावर बट, शर्टाची कॉलर उभी. शहर बघायला आलेला प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घ्यायचा.

"काय झालं हो?" नणंद वैतागली. "सकाळपासून बसमधून नुसत्या भिंती दाखवतेय ती गाईड. ही अमकीची भिंत, ते तमक्याचं फाटक. आता एक धड फोटो निघत होता तर तुमचं हे!"

"नको वन्सं. मायलेक दिसू आम्ही."

नणंदेच्या तोंडाला कुलूप लागलं. असं वर्षातून एखाद्या वेळीच घडायचं.

वहिनींचा नवरा, म्हणजे नणंदेचा थोरला भाऊ, हुबेहूब या नटासारखा दिसायचा. तेच नाक, तेच हसताना एका बाजूला जाणारं तोंड. गावात त्याला खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे, हिरोच म्हणत. त्याचं इस्त्रीचं दुकान होतं. नवा सिनेमा लागला की पहिला खेळ बघून यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शर्टाची कॉलर पडद्यावरच्यासारखी ताठ. कपड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता ओल्या बोटांनी कपाळावरची बट वळवून घ्यायचा. एकदा थिएटरात मध्यंतराला दिवे लागले आणि पुढच्या रांगा पडद्याकडे पाठ करून यालाच बघत बसल्या. वहिनी तेव्हा नव्या नवरी होत्या. लाजून त्यांनी समोशाची, चिवड्याची कसलीच पुडी घेऊ दिली नव्हती, नुसतं खाली बघत बसल्या होत्या. आता वाटायचं, मान वर करून मिरवायला हवं होतं.

मग काविळीचं निमित्त झालं आणि ऐन तिशीत हिरो गेला. दुकान वहिनींनी चालवलं. इस्त्री उचलून उचलून उजवा खांदा उतरला, केस पिकले, चष्मा आला. भिंतीवरच्या फोटोत नवरा मात्र होता तसाच राहिला, कॉलर उभी करून. नवीन गिऱ्हाईक विचारायचं, "मुलगा का तुमचा?" वहिनी समजावून सांगायच्या. मागच्या वर्षी एकदा कामाच्या रगाड्यात, गरम इस्त्री हातात असताना त्यांच्या तोंडून "हो" निघून गेलं. त्या दिवशी त्यांना घास गिळवला नाही.

म्हणून तर नणंदेनं सहलीचा विषय काढल्याबरोबर त्या तयार झाल्या. नट अजून होता. त्यांचा हिरोही असता तर आज कसा दिसला असता, तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. पासष्टीला आलेल्या बाईनं असलं काही बोलून दाखवायचं नसतं, म्हणून नणंदेला सांगितलं होतं, "जरा हवापालट."

"आले, आले!" गर्दीत एकदम गलका झाला. बंगल्याच्या गच्चीवर नट आला होता.

वहिनी चवड्यांवर उभ्या राहिल्या. गच्चीवरच्या माणसाचे केस काळेभोर होते. गाल ताणलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं हात हलवला, बोटांनी बट उडवली, गर्दी वेडी झाली. सुरकुती औषधालाही नव्हती.

"हा काय म्हातारा झालाच नाही की!" नणंद म्हणाली. "मी मेली एवढी आस लावून आले, की दादा आता कसा..." तिनं वाक्य गिळलं.

वहिनींनी तिच्याकडे बघितलं. म्हणजे हिलासुद्धा हवापालट हवी होती तर! त्यांनी तिचा हात घट्ट धरला. दोघींना रडू येत होतं आणि आजूबाजूला माणसं शिट्ट्या मारत होती.

"चला," वहिनी म्हणाल्या. "झालं बघून."

"थांबा. थांबा जरा, वहिनी. ते बघा."

नट आत जायला वळला होता. गर्दीला पाठ झाली तसे त्याचे खांदे एकदम खाली आले. गच्चीच्या दाराचा उंबरठा जरा उंच असावा. त्यानं एका हातानं चौकट धरली, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला, आधी उजवा पाय आत टाकला आणि मग डावा ओढून घेतला. वाकलेली पाठ, मानेवर सैल झालेली कातडी. आतून कोणी तरी बाई पुढं झाली आणि तिनं त्याचा कोपर धरला.

"अगदी आमचे आप्पा," नणंद हळूच म्हणाली. "शेवटी शेवटी अस्सेच चालायचे. दादाही आप्पांवरच गेला असता."

वहिनींचा उजवा हात कोपरात वाकून जरासा पुढं आला होता, दार बंद झालं तरी तसाच.

बसमध्ये त्या आधी चढल्या. सकाळपासून खिडकीपाशी नणंद आणि तिच्या शेजारी त्या, असं चाललं होतं. आता वहिनी स्वतः खिडकीकडे सरकल्या. नणंद आली, तिनं शेजारची रिकामी जागा बघितली, वहिनींचा चेहरा बघितला आणि मुकाट्यानं मागच्या बाकावर जाऊन बसली.

गाईड मुलगी माणसं बसली का बघत आली. "आजी, इथं कोणी आहे?"

"आहेत," वहिनी म्हणाल्या. "आमचे हे."

मुलीनं बाहेर बघितलं. फोटोवाला पुठ्ठा आडवा करून काखेत मारून निघाला होता. बाकी रस्ता मोकळा होता. "कुठं राहिले?"

"येतोय," मागून नणंद म्हणाली. "गुडघे धरलेत त्याचे. चढू दे सावकाश."

मुलीला काय कळलं कोण जाणे. ड्रायव्हरला हातानंच थांब म्हणून तिनं दार थोडा वेळ उघडं धरून ठेवलं.