चमचाभर दूध

सकाळपासून लुंबिनी त्या काचेच्या बरणीपाशी शंभरदा तरी गेली असेल. कालपर्यंत साखरपाण्यात अळंबीचे पांढरे तंतू कापसासारखे तरंगत होते. आज पाणी गढूळ आणि झाकणाशी आंबूस वास.

“आत्याबाई, बरणी कुणी उघडली?”

सासू, सुमनबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. “मीच. शेजारच्या सिद्धम्मानं विरजण मागितलं. तुझ्यावानीच सुई तापवून झाकणाच्या रबरातून वढून दिलं, सिरिंजसकट. मग बरणी उणी दिसाया लागली, म्हून उघडून चमचाभर दूध सोडलं.”

लुंबिनीने कपाळावर हात मारला. पण बोलणार कुणाला? ‘हे अळंबीचं विरजणच समजा’ असं सासूला तिनेच सांगितलं होतं. आणि विरजण दिल्यावर भांडं उणं ठेवायची रीत देगलूरच्या कुठल्या घरात आहे?

तंतू मेले म्हणजे अळंबीचा धंदा मेला, आणि मग नांदेडच्या कापडदुकानात पुन्हा दिवसभर उभं राहणं आलं. कुकरमधून काढलेल्या ज्वारीच्या पिशव्यांत अळंबी रुजवायला हे तंतू आजच सुईने टोचायला हवे होते. लातूरहून तंतूंची नवी बाटली यायची कधी? तिचा जीव थाऱ्यावर राहीना.

मग एकदम तिच्या डोक्यात आलं, की सिद्धम्माला दिलेलं दुधाआधीचं आहे! धावत गेली, तर दाराला कुलूप. सिद्धम्मा शेतात. दुपारभर लुंबिनी त्या कुलपाकडे बघत आत-बाहेर करत राहिली.

सिद्धम्मा आली ती दिवेलागणीला. आल्या आल्या तिने देवापुढे दिवा लावला.

“अक्का, ती सिरिंज द्या की!”

“दिवा लागला गं. आता विरजण घराभायेर देत न्हाई.”

“ते विरजण न्हाई, बुरशी हाय!”

“तुझी सासू तर विरजण म्हणली.”

लुंबिनीला रडूच फुटलं.

“रडू नगं,” सिद्धम्मा म्हणाली. “भायेर देत न्हाई म्हणले मी. ज्वारी हिकडं आण की!”

लुंबिनी वळली, तर पिशव्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन सुमनबाई दारातच उभ्या.

सिद्धम्माने गॅस पेटवून दिला. लुंबिनीने सुई तापवली. सिरिंजमधलं पाणी नितळ होतं, तंतू पांढरेशुभ्र. सुमनबाई हात पाठीमागे बांधून लांब उभ्या होत्या.

“ह्यात दूध लागत न्हाई ना, बाई?”

दिवसभराचा राग लुंबिनीच्या ओठांवर आला आणि हसू होऊन सांडला. “न्हाई, आत्याबाई. हात धुवा आन् पिशवी धरा.”

सुमनबाईंनी कोपरापर्यंत साबण लावून दोनदा हात धुतले.