अठ्ठेचाळीस आकडे

हरिओमने लॅपटॉप काउंटरवर ठेवला. बहिणीचा आहे, तिला पासवर्ड आठवत नाही, असं तो म्हणाला. जिलानीने झाकण उघडलं, बिजागरी चाचपली आणि चष्मा पुसायला घेतला. ती बिजागरी त्यानेच दिवाळीआधी बसवली होती. लॅपटॉप मुखेडच्या महानंदाताईंचा होता.

देगलूरच्या बसस्टँडजवळ जिलानीचं दुकान बत्तीस वर्षं होतं. रेडिओ गेले, टेप गेले, मग कॉम्प्युटर आले आणि चाळिशी उलटलेल्या जिलानीने तेही शिकून घेतले. महानंदाताई मुखेडला बायकांसाठी समुपदेशन केंद्र चालवायच्या. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायका त्यांच्याकडे यायच्या. कोण कुठून आली, तिच्यावर काय गुदरलं, आता ती कुठे राहते, हे सगळं ताई लॅपटॉपमध्ये लिहून ठेवायच्या. नुसत्या पासवर्डने भागत नाही, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं वाचता येतं, हे जिलानीनेच त्यांना समजावलं होतं आणि अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करून दिली होती. आता ताईंच्या परवलीच्या शब्दाशिवाय तिच्यातलं एक अक्षरही कुणाला लागलं नसतं.

"हे उघडणार न्हाई," तो म्हणाला.

हरिओम स्टुलावर बसला. तिशीतला माणूस, स्वच्छ शर्ट, बोलणं नरम. बहिणीची गोष्ट त्याने तिथेच सोडून दिली. बायको, उज्वला, दोन महिन्यांपूर्वी लेकराला घेऊन गेली होती. माहेरी नव्हती, कुणा नातेवाइकाकडेही नव्हती. तिचा पत्ता यात लिहिलेला आहे, एवढं त्याला कळलं होतं. लॅपटॉप हाती कसा आला, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

"लेकराचं तोंड बगायचंय चाचा. दुसरं काई न्हाई."

त्याचे डोळे भरून आले होते. जिलानीला ते रडणं खोटं वाटलं नाही, आणि तेच अवघड होतं.

मग हरिओम म्हणाला, "तुमच्याजवळ चाव्यांची वही असती म्हणं."

वही होती. काही वर्षांमागे उमरीचे शेषेराव गुरुजी आपला परवलीचा शब्द विसरले आणि त्यांच्या गेलेल्या बायकोचे, गुणाबाईंचे, सगळे फोटो डिस्कमध्येच अडकून राहिले. विसरणाऱ्यांसाठी कॉम्प्युटर अठ्ठेचाळीस आकड्यांची एक चावी देतो, तिने परवलीच्या शब्दाविनाही डिस्क उघडते. गुरुजींनी ती कुठेच उतरवून घेतली नव्हती. म्हातारा माणूस दुकानात बसून रडला. तेव्हापासून जिलानी प्रत्येक गिऱ्हाइकाची चावी आपल्या वहीत लिहून ठेवू लागला. विचारायचं काय त्यात, असं त्याला वाटायचं. कुणी विसरलं की तो आकडे वाचून दाखवायचा आणि लोक दुवा देऊन जायचे.

वही घरी आहे, संध्याकाळी या, असं त्याने हरिओमला सांगितलं. वही काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये होती. हरिओम लॅपटॉप काखेत मारून गेला.

जिलानीने ताईंना फोन लावला. रात्री केंद्राचं कुलूप तुटलं होतं आणि त्या सकाळपासून पोलीस ठाण्यात बसून होत्या. हरिओमचं नाव ऐकून त्यांनी सांगितलं, की उज्वला आली तेव्हा तिचा हात दोन ठिकाणी मोडलेला होता, आणि मोडला तेव्हा लेकरू तिच्या कडेवर होतं.

"पण तो उघडत न्हाई ना, जिलानीभाई? माझ्याशिवाय कुणालाच उघडता येत न्हाई, असं मी बायांना सांगितलंय."

जिलानीने तेव्हा वहीचं सांगितलं.

"मला विचारलं न्हाई तुम्ही," एवढंच त्या म्हणाल्या. पान फाडा, असं त्या म्हणतील म्हणून तो थांबला. त्यांनी फोन ठेवून दिला.

वही लपवता आली असती. पण चार दणके बसले की आपण लपवलेलं सांगून टाकू, हे जिलानीला स्वतःबद्दल माहीत होतं. त्याने महानंदाताईंचं पान फाडलं, दुकानामागे जाळलं आणि राख पायाने मातीत मिसळली.

त्याने पोलिसांनाही फोन करून कळवलं, पण ते उद्या येतो म्हणाले. हरिओम संध्याकाळीच आला, सोबत आणखी दोघे. जिलानीने वही आपणहून त्याच्यापुढे ठेवली. पानं उलटता उलटता हरिओमचं बोट फाटक्या कडेवर थांबलं.

"कोन फाडलं?"

"मी."

"आकडे ध्यानात असतील."

"अठ्ठेचाळीस हायत बेटा. मला माझा फोन नंबर ध्यानात ऱ्हात न्हाई."

हरिओमने त्याच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून पडला. त्याने आणखी एक मारली, मग आणखी एक. दुपारचा नरम माणूस कुठेच नव्हता. उज्वलाचा हात कसा मोडला असेल, ते जिलानीला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी हरिओमला धरलं, पण लॅपटॉप त्याने आधीच नदीच्या पुलावरून फेकून दिला होता. ताईंची नऊ वर्षांची टिपणं गेली. दुसरी प्रत कुठेच नव्हती. उज्वला होती तिथे सुखरूप राहिली.

पुढचे पंधरा दिवस जिलानी एसटीने हिंडला. वहीतलं एकेक पान ज्याचं त्याच्या हातात दिलं, आणि हे मी तुम्हाला न विचारता लिहून ठेवलं होतं, असं प्रत्येकाला सांगितलं. काहीजण हसले. काहीजण म्हणाले, तुमच्याजवळच असू द्या की. त्याने ऐकलं नाही.

शेवटी तो मुखेडला गेला. बाजाराचा दिवस होता. जुनाच पण चांगला चालणारा एक लॅपटॉप त्याने ताईंसाठी तयार करून नेला होता. ताई बेताचंच बोलल्या. डिस्कला कुलूप लावायची वेळ आली, तेव्हा पडद्यावर परवलीच्या शब्दासाठी रिकामी चौकट आली. जिलानी उठला आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. खाली माणसं गाठोडी घेऊन चालली होती. मागे कीबोर्ड वाजला, थांबला. मग चावी उतरवून घेणारं पेन कागदावर फिरू लागलं, सहा आकडे, थोडं थांबून पुन्हा सहा.

"झालं," ताई म्हणाल्या.

तो वळला नाही. "कागद ठेवला का आत?"

कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला, मग किल्लीचा. तेव्हा तो वळला आणि आपली हत्यारं पिशवीत भरू लागला. बाहेर बाकड्यावर पाच-सहा बायका बसल्या होत्या. जे एकदा सांगून झालं होतं ते पहिल्यापासून पुन्हा सांगायला ताईंनी त्यांना बोलावलं होतं. त्यातली एक दारात येऊन उभी राहिली, आणि परका पुरुष बघून तिथेच थबकली. जिलानीने आपली खुर्ची तिच्यासाठी ताईंच्या टेबलाजवळ सरकवली, बाहेर पडला आणि जाताना दार ओढून घेतलं.