एक माणूस जास्त

कारखान्यानं कॉम्प्युटर आणला तो गरज होती म्हणून नव्हे, शेजारच्या कारखान्याकडं नव्हता म्हणून. चेअरमनसाहेबांनी सोलापूरकडच्या एका बंद पडलेल्या गिरणीतून तो भंगाराच्या भावात उचलला, ट्रॉलीत कडब्यावर निजवून आणला आणि नारळ फोडून, हळदकुंकू लावून गोदामाशेजारच्या खोलीत बसवला. दोन कपाटांएवढं ते धूड. त्याला गारवा लागतो म्हणून त्या खोलीत एसी बसला. चेअरमनच्या केबिनीत मात्र पंखाच. त्यामुळं उन्हाळ्यात कॉम्प्युटरचं कौतुक करायला येणाऱ्यांची रीघ लागे, आणि एकदा बसलेला माणूस लवकर उठत नसे.

हे धूड सांभाळायला मच्छिंद्रला ठेवलं होतं. पंचवीस वर्षांचा, अबोल, त्याच गिरणीच्या मशीनखोलीत तीन वर्षं उमेदवारी केलेला. जोडीला पाशामियाँ, पन्नाशी उलटलेले वायरमन. तार हातात धरली की बिघाड सांगणारे. मच्छिंद्र त्यांना चाचा म्हणे.

मशीन बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. माहितीच्या पुस्तकाची निम्मी पानं उंदरांनी खाल्ली होती. मुंबईहून मागवलेल्या नव्या पुस्तकातला प्रोग्राम घातला की मशीन ढिम्म हलत नसे. शेवटी मच्छिंद्र त्याच्याशी त्याच्याच जुन्या भाषेत बोलायला शिकला. आत जागा इतकी थोडी, की सांगायचं ते मोजक्या ओळींत सांगावं लागे. पण एकदा समजलं की मशीन चुकत नसे, यावर त्याचा आईवर असावा तेवढा विश्वास होता.

एक खोड मात्र होती. सकाळी चालू केलं की मशीन तारीख विचारी, आणि ती सांगितल्याशिवाय पुढं सरकत नसे. १९८३च्या पुढचं साल त्याला मान्यच नव्हतं. बनवणाऱ्याला वाटलं असेल, तोवर हे धूड कोण वापरत बसणार! चौऱ्याऐंशी साल उजाडलं तसं मशीन दोन महिने अडून बसलं. मग मच्छिंद्रनं जुनी कॅलेंडरं धुंडाळली. मार्चपासून पुढं चौऱ्याऐंशीचे वार त्र्याहत्तरच्या वारांशी तंतोतंत जुळत होते. झालं! तो रोज सकाळी त्र्याहत्तर साल टाइप करू लागला आणि मशीन मुकाट कामाला लागलं. बाहेर चौऱ्याऐंशी, आत त्र्याहत्तर. दुष्काळ दोन्हीकडं सारखाच, असं पाशामियाँ म्हणत.

त्या उन्हाळ्यात गावचा पाझर तलाव ठणठणीत कोरडा पडला आणि कारखान्यानं त्यातला गाळ काढायचं काम सुरू केलं. एकशेपंच्याऐंशी माणसं, त्यात बायाच जास्त. प्रत्येकाच्या नावाचं भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड केलेलं. जो हजर त्याचं कार्ड ट्रेमध्ये ठेवायचं. मशीन एकेक कार्ड ओढून घेई, वाची, एक मिळवी आणि शेवटी हजर माणसांचा आकडा छापी. यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

सतरा एप्रिलला, मंगळवारी, मच्छिंद्रनं एकशेपंच्याऐंशी कार्डं घातली. मशीननं छापलं, एकशेशहाऐंशी.

त्यानं कार्डं हातानं दोनदा मोजली. एकशेपंच्याऐंशीच. पुन्हा घातली, पुन्हा एक जास्त. दहा घातली तर अकरा, पाच घातली तर सहा. त्यानं प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला, पाशामियाँनी सगळी जोडणी उघडून पुसून काढली. शेवटी वैतागून त्यानं ट्रे रिकामाच ठेवला आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं, काहीच न ओढता थांबलं, आणि कागदावर टाइप झालं, हजर एक.

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर उन्हाचा भडका होता. त्यानं ट्रे उचलून बघितला. तळाशी चिमूटभर मुरूम होता. त्यानं बोट लावलं. मुरूम ओला होता.

“चाचा, ओली माती कुठनं आली हितं?”

पाशामियाँनी वाकून बघितलं आणि बराच वेळ ते वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, “ऱ्हाऊ दे बेटा. एकानं काय बिघडतंय?”

पण तात्यारावांचं बिघडत होतं. ते लेबर ऑफिसर. आकडा जुळला नाही की त्यांना जेवण गोड लागत नसे. गुरुवारी ते खोलीत आले, एसीसमोर शर्टाचं वरचं बटण सोडून उभे राहिले आणि म्हणाले, “तीन दिवस झाले, एक जास्त. शनिवारी चेअरमनसाहेब पाहुणे घेऊन येणार आहेत. उद्यापर्यंत आकडा जुळव. नाहीतर हे धूड भंगारात आणि तू घरी.”

घरी म्हणजे काय, ते मच्छिंद्रला ठाऊक होतं. घरात म्हातारी माय आणि त्याचा पगार, बाकी काही नव्हतं. तात्याराव गेल्यावर त्यानं नवं कार्ड घेतलं आणि त्यावर प्रोग्रामची एकच ओळ पाडली: शेवटच्या आकड्यातून एक वजा कर.

“कमी नको करू, बेटा,” पाशामियाँ दारातून म्हणाले.

“का?”

“गिनतीतनं माणूस कमी करू नये.” एवढंच बोलून ते बाहेर गेले आणि भर उन्हात लिंबाखाली जाऊन बसले.

मच्छिंद्रनं ओळ घातली. एकशेपंच्याऐंशी कार्डं, हजर एकशेपंच्याऐंशी. रिकामा ट्रे, हजर शून्य. कसं सोपं होतं! तरी त्याला आनंद झाला नाही. पाठीमागं कुणीतरी रडू दाबून उभं आहे असं त्याला वाटत राहिलं, आणि दिवस मावळायच्या आत त्यानं खोलीला कुलूप घातलं.

घरी माय, भिमाबाई, भाकरी थापत होती. गाळाच्या कामावर अर्धा गाव जात होता, पण ही कधी तलावाच्या वाटेलासुद्धा फिरकली नव्हती. मच्छिंद्रनं तिला मशीनची गंमत सांगावी तशी सगळी हकिगत सांगितली. वजा एकची युक्तीही सांगितली.

भिमाबाईचा हात थांबला. “कवापासून जास्त येतंय?”

“मंगळवारपासनं. सतरा तारीख.”

“म्हंजी जयंतीच्या तिसऱ्या दिशी.” तव्यावरची भाकरी करपली तरी ती उठली नाही. “आन् मशीनीला तू साल कंचं सांगतोस म्हनलास?”

“त्र्याहत्तर.”

तेव्हा ती बोलली. अकरा वर्षं तिनं जे गिळलं होतं ते एका दमात बाहेर आलं. मच्छिंद्र त्या साली धाराशिवच्या वसतिगृहात होता. थोरली बहीण चांगुणा वांत्या होऊन गेली, असं त्याला कळवलं होतं. सुट्टीत आला तेव्हा घरात तिचं एक लुगडं तेवढं दोरीवर होतं.

“वांत्या न्हाय नि काय न्हाय. दुष्काळात ह्येच तळं बांधायचं काम चालू हुतं. कामावर घिताना ज्येला त्येला पत्र्याचा बिल्ला द्यायचे, नंबर घातलेला. माजा चाळीस. जयंती झाली आन् मला ताप भरला. खाडा पडला तर खायाची सुकडी बंद. म्हून म्या तुज्या आक्काला माजा बिल्ला दिला, म्हनलं जा आजच्या दिस. सगळेच तसं करायचे. दुपारी भरावाच्या पायासाटी खांदलेल्या चराची दरड आली खाली, आक्का आतच.”

“मग उकरलं न्हाय?”

“म्या गेली की धावत, तापातच! कारकुनानं यादी काढली. म्हनला, हितं चांगुणा नावाचं कुनी कामावर न्हाय. म्या म्हनलं, माज्या बिल्ल्यावर हुती. तर म्हनला, चाळीस नंबर भिमाबाई. भिमाबाई मेली म्हन्तीस? मग तू कोन?” तिनं पदर तोंडात कोंबला, पुन्हा काढला. “यादीतलं सगळं मानूस जित्तं, म्हून कुनीच मेलं न्हाय. दुसऱ्या दिशी चर बुजवला, वर भराव घातला. आन् हप्त्याच्या सुकडीला म्या अंगठा लावला, मच्छिंद्रा. त्या दिसाचाबी लावला.”

मच्छिंद्रला आधी तिचा राग आला, भयंकर राग. मग त्याला दुपारी आपल्या हातानं पाडलेलं ते कार्ड आठवलं. त्या कारकुनानं जे केलं तेच त्यानं केलं होतं, तेही एका ओळीत. तो त्या रात्री जेवला नाही.

शुक्रवारी सकाळी तारीख टाइप करून त्यानं पहिलं काम केलं ते वजा एकचं कार्ड काढून फाडण्याचं. मग कोरं कार्ड घेतलं आणि त्यावर बहिणीचं नाव पाडलं. दोन कार्डं वाया गेली. तिसरं नीट झालं. ते एकटंच त्यानं ट्रेमध्ये ठेवलं. आता एक कार्ड, एक माणूस. हिशेब मिटेल, आक्का मोजली जाईल, असं त्याला मनापासून वाटलं.

मशीननं कार्ड हळूच ओढून घेतलं. छापलं, हजर दोन.

मच्छिंद्रनं वळून बघितलं. पाठीमागं पाशामियाँ उभे होते. ते कधी आले ते त्याला कळलं नव्हतं.

“कुनाचं नाव घातलं?” त्यांनी विचारलं.

“आक्काचं. त्या साली ती मायच्या बिल्ल्यावर...”

“माज्या बिल्ल्यावर लालबी हुती,” पाशामियाँ म्हणाले. “माजी घरवाली. त्या दिशी म्या रेडिओ दुरुस्तीला ढोकीच्या बाजारात गेल्तो. परत आलो तर मला म्हनले, तुमी तर हजर हायेत, पाशामियाँ.” त्यांनी कोरं कार्ड उचललं आणि त्याच्यापुढं धरलं. “लिव्ह. लालबी.”

दोन कार्डं घातली. ओल्या मातीचा वास आता खोलीभर सुटला होता. मशीननं छापलं, हजर तीन.

मशीन जितकी नावं द्यावीत त्याच्या पुढं एक मागत होतं. किती होती खाली? मच्छिंद्रनं कोऱ्या कार्डांचा खोका काखेत मारला आणि तो तडक तलावाकडं निघाला. पाशामियाँ मागोमाग.

तलावाच्या पोटात बाया घमेली उचलत होत्या. मच्छिंद्र भरावाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच ओरडून बोलला. “त्र्याहत्तर साली तुमच्या बिल्ल्यावर कोण कामाला आलं होतं? जे परत आले न्हाईत, त्यांची नावं सांगा!”

घमेली जागच्या जागी थांबली. सगळ्या माना खाली गेल्या, आणि त्या माना बघूनच त्याला कळलं की हे गावाला माहीत होतं, गावानंच ते गिळलं होतं. काठावर तात्यारावांची जीप येऊन थांबली. ते खाली उतरून कुणावर तरी डाफरू लागले, पण इकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मग पुतळाबाई पुढं आली. सगळ्यांत थोरली, मंगळवारी भरावाच्या पायथ्याला पहिली कुदळ हिनंच मारली होती. तिनं कमरेची गाठ सोडली आणि काहीतरी त्याच्या तळहातावर ठेवलं. “मंगळवारी कुदळीला घावलं. भ्या वाटलं, म्हून दाबून ठिवलं.”

गंजलेला पत्र्याचा बिल्ला होता. मच्छिंद्रनं अंगठ्यानं मुरूम पुसला. आकडा अजून वाचता येत होता. चाळीस.

“घे लिहून,” पुतळाबाई म्हणाली. “माजी जाऊ. सिताबाई. माज्या बिल्ल्यावर हुती.” तिच्यामागून दुसरी एक बोलली, मग तिसरी. मच्छिंद्र लिहीत गेला. शेवटचं नाव लिहून झालं. तेवढ्यात भरावावरून एक म्हातारी सावकाश खाली उतरताना दिसली. भिमाबाई होती. ती कुणाशी न बोलता पायथ्याशी बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागली.

पाशामियाँनी कुदळ उचलली. पुतळाबाईनं घमेलं ओढलं. मग एकशेपंच्याऐंशी माणसं तलावाचा गाळ टाकून भरावाकडं वळली. “अरे, काय चाललंय काय?” तात्याराव काठावरून ओरडले. मच्छिंद्र मायच्या शेजारी बसून हातानं माती ओढत होता. खोलीतलं मशीन तसंच चालू राहिलं होतं. त्याच्या तारखेप्रमाणे दरड पडून अजून तीनच दिवस झाले होते.