ताई उन्हात का धावते

ताई वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हात, नव्वद किलोमीटर धावणार हे ऐकलं तेव्हा धाकटीने कपाळाला हात लावला. ही ताईची चौथी खेप. हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती आठ-आठ तास वाफाळत्या चादरींमध्ये उभी असते. सुट्टीच्या दिवशी तरी बाईने पंख्याखाली पाय पसरून बसावं की नाही?

दर वर्षी तिच्यासोबत गाडी घेऊन लाँड्रीतलीच एक मैत्रीण जायची. यंदा तिचं मनगट मोडलं, आणि सोबतीला माणूस असल्याशिवाय या शर्यतीत उभं करत नाहीत. धाकटीला फोन केला तोही त्या मैत्रिणीनेच. "ती स्वतःहून तुला सांगायची नाही. जाशील का?"

धाकटीला ते लागलं. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि ताई पंधराची. वेण्या घालणं, डबा भरणं, ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं ताईनेच केलं. पण ताईसाठी कोणी काही करायला गेलं की तिचं ठरलेलं उत्तर, "झालं गं माझं." तिने घर बदललं हेसुद्धा सामान लागल्यावर कळायचं. धाकटी आता पंचेचाळीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात तिच्या हाताखाली दोन माणसं होती, तरी ताईच्या लेखी ती अजून लहानच.

ती जायला तयार झाली, पण मनात वेगळंच होतं. सोबतीच्या माणसाने एका कागदावर सही केली की धावणाऱ्याला थांबवता येतं, हे तिने नियमांत वाचून ठेवलं होतं.

पहाटे पाचला शर्यत सुटली. रात्री नऊच्या आत पोचायचं. धाकटी दर तीन किलोमीटरवर गाडी लावून थांबायची. ताई आली की गळ्यातल्या रुमालात बर्फ भरायचा, डोक्यावर पाणी ओतायचं, मीठ लावलेला उकडलेला बटाटा हातात द्यायचा. दहापर्यंत ताई मजेत होती. बारा वाजता पारा सेहेचाळिसावर गेला आणि रस्त्यावरचं डांबर बुटाला चिकटायला लागलं. दोन वाजता ताईने बटाटा हातात घेतला, त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि परत दिला. बासष्टाव्या किलोमीटरवर तंबू होता. तिथपर्यंत ती कशीबशी आली, कडेला वाकली आणि भडाभडा ओकली.

तंबूतल्या डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवर झोपवलं, काखेत बर्फाच्या पिशव्या दिल्या. "अर्धा तास हलायचं नाही. अंग निवलं आणि पोटात पाणी टिकलं, तर बघू. नाहीतर इथेच संपलं." त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या. धाकटीने बॅगेतून कागद काढला आणि मांडीखाली ठेवला. मग ताईचे बूट काढले. दोन्ही टाचांना टपोरे फोड आले होते. चष्म्याचे बारीक स्क्रू बसवायची सवय असलेल्या बोटांनी तिने सुई निर्जंतुक केली, अलगद फोड फोडले, कापसाने टिपले.

"दुखतंय?"

"नाही गं. तुझा हात हलका आहे."

ताईने कधी तिच्या हाताबद्दल काही म्हटलं नव्हतं. धाकटीचा राग जरा विरघळला, पण प्रश्न राहिलाच. "ताई, खरं सांग. का करतेस हे? कोणाला दाखवायचंय?"

"इथे बघायला कोण आहे? रस्त्यावरची खडी?"

"मग?"

ताईने काखेतली बर्फाची पिशवी जरा सरकवली. "पहिल्या वर्षी हौस म्हणून आले. म्हटलं, लाँड्रीत सोसतेच, इथे बघू तरी. पन्नासाव्या किलोमीटरला बुटाची नाडी सुटली आणि मला वाकताच येईना. मैत्रिणीने खाली बसून ती बांधली. आई गेल्यापासून माझी नाडी कोणी बांधली नव्हती गं. मी उभ्या उभ्या रडले. तिला वाटलं, पाय दुखतोय."

"आणि घरी? घरी तर कोणाला हात लावू देत नाहीस!"

"घरी कोणी उठायच्या आत मीच उठलेली असते. अंगवळणीच पडलंय. इथे उठताच येत नाही. ऊन सगळी ताकद काढून घेतं. मग म्हणावं लागतं, बाई, पाणी पाज."

"म्हणजे माझ्या हातचं ग्लासभर पाणी प्यायला तुला साठ किलोमीटर भाजून घ्यावं लागतं?" धाकटीचा आवाज चढला, आणि डोळेही भरले.

ताई हसली, खोकली. "वेडी आहे खरी मी. पण धावायलाही आवडतं हं. इतकं अंतर झालं ना, की डोक्यात काही उरत नाही. चादरी नाहीत, पाळ्या नाहीत. नुसता श्वास."

डॉक्टरीणबाई परत आल्या. ताप उतरला होता, पाणी टिकलं होतं. "जायला हरकत नाही. पण सांभाळून. तुम्ही दोघी ठरवा."

"जायचंय?" धाकटीने विचारलं.

"तू म्हणशील तसं," ताई म्हणाली.

हे शब्द धाकटीने या तोंडून कधी ऐकले नव्हते. मांडीखालचा कागद टोचत होता. सही केली असती तर ताई एका शब्दानेही बोलली नसती, हे तिला कळत होतं. तिने कागद बॅगेत सारला आणि ताईच्या पायात मोजे चढवायला घेतले.

"चल. पण मी म्हणेन तेव्हा चालायचं, मी म्हणेन तेव्हा बसायचं. आणि दिलेलं सगळं संपवायचं."

"हो, आई," ताई चेष्टेत बोलून गेली. धाकटीने नाड्या बांधल्या, दोनदा गाठ मारून.

उरलेलं अंतर ताई कधी पळाली, कधी चालली. शेवटचे पाच किलोमीटर सोबतीच्या माणसाला बरोबर चालायची मुभा होती. धाकटीने गाडी शेवटच्या रेषेजवळ नेऊन ठेवली, आयोजकांच्या जीपमधून मागे आली आणि ताईच्या कोपराला धरून निघाली. रेषा ओलांडली तेव्हा नऊ मिनिटं उरली होती. त्या दोघींच्या मागे कोणीच नव्हतं. टाळ्या वाजवायला तिघे थांबले होते, त्यातल्या एकाच्या हातात झाडू होता.

ताई धाकटीच्याच घरी उतरली. दोन दिवस तिने अंथरुणातून पाय काढला नाही. धाकटीने जेवण हातात दिलं, केस धुऊन दिले, टाचांना मलम लावलं, आणि ताईने एकदाही "झालं गं माझं" म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उठून पाहते तो ताई मोरीत बसून भांडी घासतेय.

"अगं, ठेव ते!"

"चारच आहेत," ताई म्हणाली.

धाकटी तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि घासलेली भांडी विसळायला लागली.